साडेतीन फुटांचं प्रात्यक्षिक

गाय अंगणात शिरली मंगळवारी. राधिकाबाईंच्या मेथीचे दोन वाफे आणि सांबाराचा एक, म्हणजे तिकडच्या लोकांची कोथिंबीर, तिनं इतक्या सावकाशीनं खाल्ले, की बघणाऱ्याला वाटावं तिला जेवायलाच बोलावलं होतं. बघणारे अर्थात होते. रिसोडच्या त्या गल्लीत ओळीनं घरं चारच, पण एका अंगणात काही घडलं की बाकीची तिन्ही घरं आपापल्या ओट्यावर हजर. गाय कुणाची ते कुणाला सांगता येईना. जमशेदभाईंच्या बाजूच्या कुंपणाच्या तारा लोंबत होत्या, तिथून ती आली आणि जेवण आटोपून तिथूनच गेली. संध्याकाळी राधिकाबाईंनी नवऱ्यापुढे चहा ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, की आता भिंत पाहिजे.

नवरा म्हणजे मदनसिंग सर. वाशीम रोडवरच्या तंत्रनिकेतनात स्थापत्य विभागाचे प्रमुख, आणि सत्तावीस वर्षं विषय एकच, सर्वेक्षण. तालुक्यातल्या निम्म्या कंत्राटदारांनी त्यांच्या वर्गात डुलक्या काढलेल्या. रस्त्यानं जाताना कुठं नवं बांधकाम दिसलं की सर स्कूटर थांबवून एक डोळा मिटत आणि ते किती वाकडं आहे हे ठरवून मगच पुढे जात. त्यामुळे गल्लीतलं त्यांचं वजन काही वेगळंच होतं. कुणाला भिंतीत खिळा ठोकायचा असला तरी लोक सरांना विचारत, आणि सरही खिळ्याचा विषय पंधरा मिनिटांच्या आत संपवत नसत.

दुसऱ्या दिवशी अशफाक मिस्त्री आला. त्यानं खिशातून दोरी काढली, एक टोक पायाखाली धरलं आणि विचारलं, की लाईन कुठून धरू. प्रश्न साधा होता, पण उत्तर कुंपणाकडे बघून देता येण्यासारखं नव्हतं, कारण कुंपण केळीसारखं वाकलेलं होतं. शेजारचे जमशेदभाई, ज्यांचं बाजारात गादी-रजईचं दुकान, ते दातण करत बाहेर आले आणि म्हणाले, सर म्हणतील तिथून धर. दोन बोटं इकडं झालं काय नि तिकडं झालं काय, आपल्याले त्यात काही सोयाबीन पेरायचं नाई.

जमशेदभाई मोठ्या मनानं बोलले होते. सरांना मात्र ती दोन बोटं लागली. सर्वेक्षणाच्या प्राध्यापकाची भिंत दोरीनं आणि अंदाजानं, तीही दोन बोटं इकडेतिकडे! त्यांनी मिस्त्रीला सोमवारी यायला सांगितलं. द्वितीय वर्षाच्या मुलांचं मैदानी प्रात्यक्षिक व्हायचंच होतं. दरवर्षी ते कॉलेजच्या मागच्या माळावर व्हायचं आणि दरवर्षी तो माळ तेवढाच भरायचा. यंदा खरी वस्ती मोजू, असं सरांनी प्राचार्यांना सांगितलं. प्राचार्यांनी परवानगी दिली. अट एकच, यंत्र पाचच्या आत कपाटात परत आलं पाहिजे.

शुक्रवारी सकाळी सोळा मुलं-मुली, एक तिपाई, लाल-पांढरे दांडे आणि टोटल स्टेशन नावाचं ते पिवळं यंत्र गल्लीत उतरलं. गल्लीनं त्या दिवशी दुसरी कामं काढलीच नाहीत. चंपतराव, एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक, पेपर घेऊन खुर्चीसकट बाहेर आले. कोपऱ्यावरच्या पहिल्या घरातल्या गोजराबाई ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या. त्यांनी मुलांसाठी माठ बाहेर काढून ठेवला. सगळ्यांना यंत्रातून एकदा बघायचं होतं. चंपतरावांनी दोनदा बघितलं आणि आपल्याला समोरच्या टाकीवरचं नाव वाचता आलं असं जाहीर केलं.

मोजणी कुठून तरी सुरू करावी लागते. लेआउटच्या जुन्या नकाशात कोपऱ्यावर हद्दीचा दगड दाखवलेला होता, आणि तो सापडलाही लगेच. गोजराबाईंच्या ओट्याच्या पुढे, रस्त्याच्या कडेला, चुना फासलेलं डोकं वर काढून बसला होता. सरांनी त्याच्यावर हात ठेवला आणि मुलांना सांगितलं, घरं पडतात, झाडं तुटतात, माणसं बदलतात, पण हद्दीचा दगड खोटं बोलत नाही. मुलांनी वहीत लिहून घेतलं.

नमरा नावाची एक मुलगी यंत्र चालवत होती. तिच्या वडिलांचं कूलर दुरुस्तीचं दुकान. यंत्र हातात आलं की बाकी जग ती विसरायची. तिनं विचारलं, सर, गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडूनही एकदा ताळा घेऊ का. सरांनी घड्याळात पाहिलं. दुसऱ्या टोकाचा खांब शोधायचा म्हणजे बाभळीत शिरायचं, आणि पाचला यंत्र कपाटात. एवढ्याशा गल्लीला ताळा लागत नाही, ते म्हणाले, ताळा मोठ्या कामाला असतो. नमरानं मान हलवली आणि डोळा यंत्राला लावला.

सोमवारी ती नकाशा घेऊन सरांच्या केबिनमध्ये आली आणि टेबलावर पसरून उभी राहिली. सरांनी चष्मा लावला. मग काढून पुसला, पुन्हा लावला. नकाशा फार सुबक होता. त्यानुसार मदनसिंग सरांचं घर जमशेदभाईंच्या प्लॉटमध्ये साडेतीन फूट शिरलेलं होतं. शिरलेल्या भागात अर्धं देवघर होतं आणि संपूर्ण न्हाणीघर.

दुसरा कुणी असता तर त्यानं नकाशा गुंडाळून कपाटावर टाकला असता. पण सर सरळ माणूस. त्याच संध्याकाळी ते नकाशा घेऊन जमशेदभाईंकडे गेले, सोफ्याच्या कडेवर बसले आणि आपण सत्तावीस वर्षं मुलांना जे शिकवलं त्याला स्मरून खरं ते सांगून टाकलं. जमशेदभाईंनी नकाशा उलटा धरला, सुलटा धरला आणि बराच विचार करून म्हणाले, "सर, तुमी आंघोळ करत राहा. आपली काई हरकत नाई." आतून त्यांच्या बायकोनं, हाजराबींनी, सांगितलं, की पाणी कमी पडलं तर तेही सांगा.

एवढा मोठेपणा सहन करणं कठीण असतं. सर रोज आंघोळ करताना जुनी नाट्यगीतं म्हणत. दुसऱ्या दिवसापासून ते बंद झालं. चार मिनिटांत अंग ओलं करून, परक्या घरी पाहुणा उतरल्यासारखे, ते दार हळू लावून बाहेर येत. एकदा खिडकीतून जमशेदभाईंनी सहज नमस्कार केला, तर सरांनी साबण लावलेल्या हातानंच आभार मानले.

या अवस्थेत चंपतरावांनी सल्ला दिला. चंपतरावांचे सल्ले डेपोतल्या घोषणांसारखे असत, सगळ्यांना ऐकू जाणारे. ते म्हणाले, सर, गाडी तुमच्याच थांब्यावर लेट झाली असं कायले समजता, मागूनच लेट आली असंल. अख्खी गल्ली मोजा. सरांना हे पटलं. नुसतं पटलं नाही, त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले. चूक मागून आली असेल तर आपण निर्दोष. शनिवारी पुन्हा तिपाई, पुन्हा दांडे, पुन्हा तोच चुना फासलेला दगड.

आणि चूक खरोखरच मागून आलेली निघाली. चंपतरावांचं स्वयंपाकघर, गॅसच्या शेगडीपर्यंत, सरांच्या प्लॉटमध्ये होतं. गोजराबाईंची मागची खोली चंपतरावांच्या प्लॉटमध्ये. प्रत्येक घर साडेतीन फूट सरकून पुढच्याच्या जागेत बसलेलं. शेवटचं घर जमशेदभाईंचं. त्यांच्यापुढे कुणाचा प्लॉट नव्हता, तिथं बगीच्यासाठी राखून ठेवलेली मोकळी जागा होती. बगीचा नव्हता, पाटी होती. जमशेदभाईंची समोरची खोली साडेतीन फूट त्या पाटीच्या जागेत गेली होती.

नमरा पुन्हा केबिनमध्ये आली. सगळ्याच घरांचा फरक सारखाच येतो आहे, हे जरा चमत्कारिक वाटतं, असं तिनं चाचरत सुरू केलं. सरांनी तिला मध्येच थांबवून फरक सारखा येणं हा अचूकतेचा पुरावा असतो असं समजावलं. ते स्वतःच्या सुटकेच्या आनंदात होते, आणि आनंदातल्या माणसाला शंका ऐकू येत नाही.

चंपतरावांनी नकाशाचा फोटो गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. तिथून पुढे गल्लीचं हवामान बदललं. राधिकाबाई एरवी चंपतरावांच्या बायकोला न विचारता विरजण देणाऱ्या. आता त्या देताना म्हणाल्या, घ्या, तुमची शेगडी तसंही आमच्याच जागेत जळून राह्यली. हे त्या गमतीनं बोलल्या, असं त्यांचं म्हणणं. चंपतरावांच्या बायकोनं ते गमतीनं घेतलं नाही. मग चंपतरावांनी गोजराबाईंना मागच्या खोलीबद्दल सुनावलं. गोजराबाई तूर निवडत राहिल्या. आणि यानंतर चंपतरावांनी नगर परिषदेला एक पत्र दिलं. खाली नाव नव्हतं, "एक जागरूक नागरिक" एवढंच होतं. पण अक्षर डेपोच्या फळ्यावर तीस वर्षं बसच्या वेळा लिहिणाऱ्याचं होतं आणि ते अख्ख्या गावाला पाठ होतं. आपण फक्त मार्गदर्शन मागितलं, असं ते नंतर सांगत.

नगर परिषदेत त्याच वेळी जमशेदभाईंचा अर्ज होता. त्यांचा मुलगा एजाज याचं लग्न ठरलं होतं, मुलगी धनजची, आणि नव्या जोडप्यासाठी वरती एक खोली चढवायची होती. विटा येऊन पडल्या होत्या. पत्राला नकाशाची झेरॉक्स जोडलेली पाहून साहेबांनी अर्ज बाजूला ठेवला, त्यांना ठेवणं भागच होतं. आधी हद्द नक्की करून आणा, मग वरची खोली. सरकारी मोजणी लावायची तर ऑनलाईन अर्ज. त्यात शेजाऱ्यांची नावं आधारप्रमाणे लागत, आणि सरांचं नाव आधारवर मदनसिंग, खरेदीखतात मदन सिंह आणि लाईटबिलावर मदनशिंग. अर्ज तीनदा परत आला. चौथ्यांदा गेला तेव्हा मोजणीची जी तारीख मिळाली ती लग्नानंतर पाच आठवड्यांची होती.

सरांचे कागद जमशेदभाईंनी राधिकाबाईंकडून, कारण न सांगता नेले होते, त्यामुळे सरांना यातलं काही माहीत नव्हतं. ते त्यांना कळलं हाजराबींकडून, तेही तक्रार म्हणून नाही. सर कॉलेजला निघाले होते, हाजराबी अंगणात विटांवर ताडपत्री घालत होत्या. अर्ज अडल्याचं, मोजणीच्या तारखेचं त्यांनी सहज सांगितलं.

"वरची खोली राहू द्या म्हणतो सर. पोरगं-सून समोरच्या खोलीत राह्यतीन म्हटलं. पण आता तेच खोली बगीच्यात निघाली म्हणते."

त्या हसल्या आणि ताडपत्रीच्या टोकावर वीट ठेवली. सरांना स्कूटर सुरू करायला त्या दिवशी पाच लाथा लागल्या.

वर्गात ते उजळणी घेत होते. गेली सत्तावीस वर्षं प्रकरण पहिलं ते ज्या वाक्यानं सुरू करत, तेच त्यांनी सवयीनं सांगितलं: मोजणी कधीही एकाच बिंदूवर विसंबून करू नये, दुसऱ्या बिंदूवरून ताळा घ्यावा. मुलं लिहीत होती. दोघा-तिघांनी मान वर करून सरांकडे पाहिलं. पहिल्या बाकावरच्या नमरानं मात्र पाहिलं नाही. ती वहीकडे बघत लिहीत राहिली, वाक्य संपलं तरी तिचं पेन कागदावरच टेकलेलं होतं. तिनं मुद्दाम वर पाहिलं नाही हे सरांच्या लक्षात आलं. त्यांनी खडू ठेवला, पुढची पंधरा मिनिटं स्वाध्याय करायला सांगितलं आणि भर दुपारी स्कूटरवरून गल्लीत आले.

गोजराबाई ओट्यावरच होत्या. सर दगडापाशी उकिडवे बसले. त्याच्या बुडाशी सिमेंटचा घट्ट गोळा होता, आणि ते सिमेंट नव्या रस्त्याच्या सिमेंटसारखंच दिसत होतं. त्यांनी विचारलं, बाई, हा दगड इथं कधीपासून हाय.

"तो? तो म्याच बसवून घेतला. रस्ता झाला तवा. सोयाबीनचे ट्रॅक्टर वळते नं, माह्या ओट्याले घासून जाये. रस्त्याच्या पोराईले म्हटलं, बाबूहो, हा दगड थोडा पुढं रोवून द्या."

"किती पुढं?"

गोजराबाईंनी ओट्यापासून दगडापर्यंत नजरेनं मोजलं. "दोन-तीन हात असंल."

सरांनी, जवळजवळ विनवणीच्या सुरात, विचारलं की हे तुम्ही आधी काहून नाही सांगितलं. दोन दिवस मुलं इथंच होती, तुमच्याच माठातलं पाणी पीत होती.

"तुमी मले इचारलं काय?" गोजराबाई म्हणाल्या. "आल्यापासून त्या यंत्रालेच इचारून राह्यले होते. म्हटलं, त्याले माहीत असंल."

सरांपुढे आता दोन वाटा होत्या. एक म्हणजे गप्प बसणं: लग्नानंतर पाच आठवड्यांनी सरकारी मोजणीदार येणार, तो दुसऱ्या टोकाकडून मोजणार आणि सगळं आपोआप दुरुस्त होणार. तेव्हा कुणी सरांना काही विचारणारही नव्हतं. हा विचार त्यांच्या डोक्यात आला नाही असं नाही. तो दगडापासून घरापर्यंतच्या रस्त्यात आला आणि ताडपत्रीखालच्या विटा दिसल्यावर गेला. त्यांनी कपडे बदलले, विभागप्रमुखाचा शिक्का खिशात टाकला आणि नगर परिषदेत जाऊन अर्ज लिहिला: सदर नकाशा चुकीचा आहे. चूक विद्यार्थ्यांची नसून माझी आहे.

खिडकीतल्या बाबूनं अर्ज वाचला. तो म्हणाला, सर, नकाशा चुकीचा हाय हे ठीक, पण तसं दाखवणारा दुसरा नकाशा लागंल. शिवाय प्रतिज्ञापत्र, तीन प्रती, दोन साक्षीदार. म्हणजे कबुली एकदा देऊन भागणार नव्हतं. सरांनी ती तीनदा लिहिली, नोटरीसमोर मोठ्यानं वाचली, आणि साक्षीदार म्हणून सही करायला जमशेदभाई व चंपतराव यांना घेऊन गेले. चंपतरावांनी सही करताना "चूक" हा शब्द दोनदा वाचला. बाहेर आल्यावर आपल्या त्या पत्राबद्दल ते स्वतःच काहीतरी पुटपुटले. जमशेदभाईंनी तिघांसाठी चहा सांगितला.

दुसरा नकाशा करायला सर नमराकडे गेले. केबिनमध्ये बोलावलं नाही. वर्गात, सगळ्यांसमोर, तिची शंका बरोबर होती आणि आपण ती ऐकली नाही, एवढं सांगितलं आणि म्हणाले, की या वेळी मोजणी तू करायची, आम्ही तू म्हणशील ते करू. तिनं गल्लीचं दुसरं टोक निवडलं. बाभळीत शिरून खांब शोधून काढला, तिथं यंत्र लावलं आणि सगळ्यांना कामं वाटली. सर्वेक्षणात जे काम कुणालाच नको असतं ते म्हणजे दांडा धरून उन्हात उभं राहणं. ते उरलं होतं, म्हणून सर दांडा धरून उभे राहिले. विभागप्रमुख दांडा धरून उभे आहेत हे बघायला समोरच्या गल्लीतूनही माणसं आली.

"सर, दांडा सरळ धरा," नमरा यंत्रामागून म्हणाली.

सरांनी सरळ धरला.

"अजून थोडा डावीकडं."

संध्याकाळपर्यंत चारही घरं आपापल्या जागी परत आली. देवघर सरांचं, शेगडी चंपतरावांची, मागची खोली गोजराबाईंची आणि समोरची जमशेदभाईंची. दोन बोटांचा फरक राहिला होता. नमराला तो काढायचा होता. सर म्हणाले, राहू दे. नकाशाखाली सोळाही मुलांच्या सह्या घेतल्या आणि तो घेऊन ते स्वतः खिडकीवर गेले. आठ दिवसांनी जमशेदभाईंच्या वरच्या खोलीची परवानगी आली. सरांची भिंत अशफाक मिस्त्रीनं तीन दिवसांत बांधून टाकली. त्या तीन दिवसांत राधिकाबाईंनी नवऱ्याला बाहेर येऊ दिलं नाही. मिस्त्रीचीच तशी विनंती होती. न्हाणीघरातून पहिल्याच सकाळी गाणं ऐकू आलं. ते किती बेसूर होतं याचा गल्लीला मधल्या दिवसांत विसर पडला होता.

वरच्या खोलीचा रंग वाळत होता तेव्हा एजाजचं लग्न लागलं. वलीम्याच्या, म्हणजे नवरदेवाकडच्या मेजवानीच्या, जेवणाला सगळी गल्ली होती, आणि हाजराबींच्या आग्रहानं ती सोळा मुलंही. सर जमशेदभाईंच्या शेजारी, मानाच्या रांगेत बसले होते. मुलीचे वडील धनजचे शेतकरी. पाहुणे असूनही ते स्वतः वाढत फिरत होते. सरांपाशी आल्यावर जमशेदभाईंनी ओळख करून दिली, हे आमचे मदनसिंग सर, तंत्रनिकेतनात मोजणी शिकवतात, मोठे माणूस. पाहुण्यांचे डोळे चमकले. ते भांडं घेऊन सरांसमोर खालीच बसले आणि म्हणाले, बरं झालं भेटले. आमच्या शेताच्या धुऱ्याचा सहा वर्षांपासून वाद सुरू हाय, धाकट्या भावासंगं. एक दिवस येऊन मोजून द्या न सर.

आजूबाजूच्या पानांवरचे हात थांबले. चंपतरावांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. जमशेदभाई छताकडे बघू लागले. सरांनी घास संपवला, रुमालानं बोटं पुसली आणि पलीकडच्या रांगेत मैत्रिणींबरोबर जेवत असलेल्या नमराकडे बोट केलं.

"त्या पोरीले इचारा," ते म्हणाले. "मोजते ती. मी फक्त शिकवतो."